दाणे मागे पडतात म्हणून ड्रम पळवायचा? (एका प्रतिक्रियेला उत्तर)

दादा, कमेंट टोमण्यांसकट पूर्ण वाचली. तुमचं म्हणणं असं की मी ‘ड्रम जपून चालवा’ लिहून लोकांचं नुकसान करतोय, हार्वेस्टरच्या मागे दाणे पडतात ते मळणी कच्ची राहते म्हणून, आणि इलाज एकच, ड्रमचा स्पीड वाढवा. कधीकधी मळणी कच्ची राहते हे मान्य, पण दरवेळी ड्रमच गुन्हेगार नसतो हो.

दाणा ओंबीतून सोडवणं हे एक काम आणि सुटलेला दाणा काडातून, भुशातून बाजूला काढणं हे दुसरं. ड्रम आणि त्याच्या खालची जाळी यांच्या फटीत पीक घासलं जातं, दाणा सुटतो आणि बहुतेक माल तिथंच जाळीतून खाली पडतो, उरलेला काडात अडकून मागं वॉकरवर (काड हलवत मागं ढकलणाऱ्या पट्ट्यांवर) जातो आणि तिथं काड उसळत सरकताना झडतो. आता ड्रम पळवलात की वाळलेल्या काडाचा चुरा होणार, तो चुरा दाण्याबरोबरच खाली येणार आणि सगळा भार चाळणीवर! ओंबी साफ झाली खरी, पण दाणा चुऱ्यावर बसून मागच्या मागे गेला. वर टाकीत फुटका माल, तो वेगळाच.

60 सेंमी व्यासाचा ड्रम 1000 आरपीएमवर फिरला तर त्याच्या पट्टीचा वेग सेकंदाला 31 मीटर होतो, म्हणजे ताशी 113 किमीच्या आसपास. गव्हाला ठीक, सोयाबीनला एवढा दिलात तर टाकीत डाळच येईल, तिथं निम्म्यावर आणावा लागतो.

रोटरवाल्या हार्वेस्टरचं (ज्यात ड्रम-वॉकरऐवजी लांब फिरता रोटर असतो) उदाहरण तुम्ही दिलंत (न्यू हॉलंडचं टीआर 70 1975 सालचं, इंटरनॅशनल हार्वेस्टरचं अ‍ॅक्सिअल-फ्लो 1977 चं), पण त्यात पीक रोटरभोवती बरेच फेरे घेतं आणि दाणा त्या फिरण्याच्या जोराने जाळीबाहेर पडतो, एका फटक्यात मळायची घाईच नाही. उलट माझाच मुद्दा झाला की.

तेव्हा आधी मागे जाऊन काय पडलंय ते हातात घ्या. ओंबीतच दाणे राहिलेत तर जाळीची फट थोडी कमी करा, मग लागला तर स्पीड. काडाच्या ओळीत सुटे दाणे असतील तर वॉकरला झेपत नाहीये, मशीन हळू चालवा. भुशात दाणे असतील तर चाळणी आणि पंखा बघा, आणि पंखा जोरात असला की दाणे उडतात हे सगळ्यांना माहीत असतं, पण पंखा मंद असला तरी दाणे जातात, कारण भुस्सा चाळणीवर गादीसारखा बसतो आणि दाणा खाली उतरतच नाही.

आणि हो, चालू मशीन मध्येच थांबवून थोडं मागं घ्या. कटरने कापलंय पण मागचं काड जिथं अजून पडलेलं नाही, त्या पट्ट्यातले दाणे मोजा. ते कटरने आणि रीलने (पीक कटरकडे ओढणाऱ्या पुढच्या फिरत्या चाकाने) झाडलेले असतात किंवा कापणीआधीच गळलेले, ड्रमपर्यंत पोचलेलेच नसतात.