ब्लू एंजल्स आणि थंडरबर्ड्स बंद झालेले नाहीत

‘संरक्षण खर्चातल्या कपातीमुळे अमेरिकेने ब्लू एंजल्स आणि थंडरबर्ड्स या हवाई कसरतींच्या तुकड्या कायमच्या गुंडाळल्या’ असा मेसेज फिरतो आहे. तो चुकीचा आहे. त्यातली मूळ घटना २०१३ सालची. १ मार्चपासून तिथे सरसकट खर्चकपात लागू झाली. हवाई दलाच्या थंडरबर्ड्सची प्रात्यक्षिकं १ एप्रिलपासून थांबली आणि काही दिवसांत नौदलानेही ब्लू एंजल्सचे उरलेले कार्यक्रम रद्द केले. मुख्य आकर्षणच गेल्यामुळे अनेक आयोजकांनी त्या वर्षीचे एअर शोच रद्द केले. पण बुडाला तो एक हंगाम. तुकड्या मोडल्या नाहीत. २०१४ मध्ये दोन्ही पुन्हा उडू लागल्या.

कात्री फक्त कसरतींना लागली, हेही खरं नाही. हवाई दलाच्या कित्येक लढाऊ स्क्वाड्रनची उड्डाणंही तेव्हा थांबवावी लागली होती.

तरीही हा खंड किरकोळ नव्हता. ब्लू एंजल्सच्या डायमंड रचनेत, म्हणजे चार विमानं हिऱ्याच्या आकारात एकत्र उडतात तेव्हा, एका विमानाच्या पंखाचं टोक शेजारच्या कॉकपिटपासून जेमतेम १८ इंचांवर येतं. एवढी अचूकता सततच्या सरावानेच टिकते. त्यामुळे रद्द झालेल्या कार्यक्रमांपेक्षा सरावाचे तास कमी होण्याची काळजी मला जास्त वाटते.