ताप नाही म्हणजे बाळ ठीक, हे खरं नाही

कर्नाटकातल्या खानापूर, निपाणीकडच्या घरगुती व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर सध्या एक मजकूर फिरतोय. ‘सव्वा महिन्याच्या आत बाळाला दवाखाना दाखवू नका. ताप नसेल तर इन्फेक्शन नसतंच. अँटिबायोटिकनं प्रतिकारशक्ती मरते. गुटी द्या, बेंबीला हळद-तेल लावा. आपल्या आज्यांनी दहा-दहा पोरं अशीच वाढवली.’ मला तो तीन काकूंनी पाठवला. तिघींनीही मायेनंच पाठवला, म्हणून उत्तर देते.

‘ताप नसेल तर इन्फेक्शन नसतंच’ हे त्यातलं सगळ्यांत घातक वाक्य. दोन महिन्यांच्या आतलं बाळ जंतूंशी झगडताना तापेलच असं नाही, उलट गार पडू शकतं. गेल्या पावसाळ्यात माझ्या भाचीचं अकरा दिवसांचं बाळ ‘किती गुणी, रडतच नाही’ म्हणून घरभर कौतुकाचं झालं होतं. दुपारी तिनं पाजायला घेतलं तर तोंड लागलं, पण ओढ नव्हती. दूध गालावरून ओघळून दुपट्यावर पडलं. तळपाय गार. थर्मामीटरवर ३५.२ सेल्सिअस. रक्तात जंतू निघाले. दहा दिवस इंजेक्शनं घेऊन बाळ घरी आलं.

दूध ओढेनासं होणं, झटके, हलवल्याशिवाय हातपाय न हलणं, श्वास घेताना छातीखाली खोल खड्डा पडणं, अंग ३८ सेल्सिअस किंवा त्याहून गरम किंवा ३५.५ च्या खाली, मिनिटाला ६० किंवा जास्त श्वास. यातलं एक दिसलं तरी थांबायचं नाही, दवाखाना गाठायचा. श्वास बाळ शांत असताना, पोटाकडे बघत, पूर्ण मिनिटभर मोजा. तान्ह्याचा श्वास मध्येच रेंगाळतो, म्हणून ६० भरले तर पुन्हा एकदा मोजा.

‘हे आफ्रिकेतलं, आपल्याकडे कुठं?’ असंही एकीनं खाली लिहिलंय. २०१२ साली दक्षिण आशिया, सहारा वाळवंटाच्या दक्षिणेकडची आफ्रिका आणि लॅटिन अमेरिका मिळून नवजात बाळांत अशा गंभीर संसर्गाची अंदाजे ६९ लाख प्रकरणं झाली. त्यांतली ३५ लाख दक्षिण आशियातली. म्हणजे निम्मी आपल्या अंगणातली.

आता आज्या. माझी आजी जांबोटीकडची. ‘किती मुलं?’ विचारलं की म्हणायची, ‘झाली सात, राहिली चार.’ गेलेल्यांची नावंही ठेवली नव्हती. देशात १९७१ मध्ये दर हजार जन्मांमागे १२९ बाळं वर्षाच्या आत जात होती, २०२० मध्ये २८. लस, दवाखान्यातली बाळंतपणं आणि वेळेवरचे उपचार हे त्यातले मोठे वाटेकरी आहेत.

अँटिबायोटिकच्या भीतीत मात्र थोडं तथ्य आहे. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दिल्लीतल्या मोठ्या पाहणीत नवजात बाळांच्या रक्तात सापडलेले कित्येक जंतू अनेक औषधांना दाद देत नव्हते. म्हणून घरातलं उरलेलं सिरप पाजू नका, मेडिकलवाल्याला विचारून थेंब देऊ नका. पण या कारणानं डॉक्टरांनी सांगितलेलं इंजेक्शन नाकारलं, तर बाळ हातचं जाईल.

गुटीचं थोडक्यात. वेखंड, मुरडशेंग, जायफळ ज्या सहाणेवर उगाळतात ती धुतली कधी, पाणी कुठलं, हे कोणी विचारत नाही. सहा महिने फक्त आईचं दूध. नाळेला काही लावायचं नाही, कोरडी ठेवायची.

राहिला ‘दवाखान्यात लुटतात’ हा मुद्दा, तोही खाली आलाच. सरकारी दवाखान्यात आजारी तान्ह्याचे उपचार आणि ने-आण मोफत आहे, १०८ ला फोन लावा. तायी कार्डावरचं (आई-बाळाच्या नोंदींचं सरकारी कार्ड) कन्नड वाचता येत नसेल तर आशाताईंना बाळ घरी आल्याच्या दिवशीच बोलावून मराठीत समजून घ्या, कारण रात्री दोनला कणकुंबीच्या पावसात ते विचारायला वेळ नसतो. निघताना बाळाला आईच्या छातीशी उघड्या अंगाला लावून वरून शाल घ्या, आणि गिळत असेल तर वाटेत पाजत राहा.