आधी १५ किलो उतरव, मगच चान्स घे? कोणी ठरवलं हे?

ठाणे-नवी मुंबईतल्या जवळपास सगळ्या लेडीज ग्रुपवर एक फॉरवर्ड फिरून झालाय. ज्यांच्याकडे आला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात: "पीसीओडी असेल तर किमान १५ किलो कमी केल्याशिवाय दिवस राहत नाहीत. गहू, दूध, भात बंद करा, २१ दिवसांत पाळी लाइनवर येते. डॉक्टर कॅन्सरची गोळी देतात, सरकारने बॅन केलेली, घेऊ नका. मेटफॉर्मिनने किडनी जाते. जिममध्ये वजन उचलू नका, गर्भाशय सरकतं. फार घाई असेल तर वजनाचं इंजेक्शन घ्या आणि लगेच चान्स घ्या." खाली हात जोडलेले इमोजी आणि 'गरजू बहिणींना पाठवा'.

मी डॉक्टर नाही, ऐरोलीला आयटीत आहे, पण पीसीओएस (फॉरवर्डमधलं पीसीओडी ते हेच, हार्मोन्स बिघडून पाळी अनियमित होते तो त्रास) कॉलेजपासून माझ्यासोबत आहे त्यामुळे यावर वाचन भरपूर झालंय आणि गायनॅकचं डोकंही भरपूर खाल्लंय. आमच्या नात्यातल्या एका नवीन सुनेला हाच मेसेज तिच्या मावससासूने 'काळजीपोटी' पाठवला आणि ती बिचारी डॉक्टरकडे जायचंच थांबली, आधी बारीक होते मग जाते म्हणाली. तेव्हा म्हटलं आता लिहूनच टाकू.

तर पहिला मुद्दा, १५ किलोचा. हा आकडा कुठून आला देव जाणे. वजन जास्त असेल तर डॉक्टर साधारण ५ ते १० टक्के कमी करायला सांगतात, म्हणजे ७८ किलोची बाई असेल तर चार ते आठ किलो. तेवढ्यानेही बऱ्याच जणींची पाळी सुधारते, ओव्ह्युलेशन (ओव्हरीतून स्त्रीबीज बाहेर पडणं) परत सुरू होतं, कारण इन्सुलिन थोडं खाली आलं की ओव्हरीत तयार होणारे पुरुषी हार्मोन्सही कमी होतात आणि मध्येच अडकून राहणाऱ्या स्त्रीबीजांना पुढे वाढायला वाव मिळतो. बारीक व्हायची गरजच नाही त्यासाठी, ७८ ची ७३ झालीस तरी शरीराला फरक कळतो, शेजारणीला नाही कळला तर नाही कळला. आणि मुळात ज्यांचं वजन नॉर्मल आहे अशाही कितीतरी जणींना पीसीओएस असतो. निदान वजनावर होतच नाही, २००३ पासून जे रॉटरडॅमचे निकष वापरतात त्यात तीन गोष्टी आहेत, पाळी अनियमित, पुरुषी हार्मोन्स वाढल्याची लक्षणं किंवा रिपोर्ट, आणि सोनोग्राफीत तशा दिसणाऱ्या ओव्हरीज, या तिन्हीपैकी दोन असल्या की पीसीओएस (थायरॉइड, प्रोलॅक्टिन वगैरे दुसऱ्या हार्मोन्सची भानगड नाही ना हे आधी बघून). वजनकाटा त्यात कुठेच नाही. मग ५० किलोच्या मुलीने १५ किलो कुठून कमी करायचे सांगा.

पण खरा घोळ 'आधी' या शब्दात आहे. आधी वजन, मग ट्रीटमेंट. नेदरलँड्समध्ये यावर मोठी ट्रायल झाली, २०१६ ला छापून आली. मूल होत नाहीये आणि बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) २९ च्या वर आहे अशा ५७७ बायका होत्या, सगळ्या पीसीओएसवाल्या नव्हत्या पण पाळीचा प्रॉब्लेम असलेल्या भरपूर होत्या. अर्ध्या जणींना सहा महिने डाएट-व्यायामाचा प्रोग्राम आणि नंतर ट्रीटमेंट, बाकीच्यांना लगेच ट्रीटमेंट. दोन वर्षांत पूर्ण दिवसांचं, एकच, निरोगी बाळ नॉर्मल डिलिव्हरीने झालं असं प्रमाण वजन-आधी गटात २७.१ टक्के आणि लगेच-ट्रीटमेंट गटात ३५.२ टक्के. म्हणजे थांबून फायदा झाला नाही. आता कोणी म्हणेल वजन कमी करणं फुकट गेलं, तर तसंही नाही, वजन-आधी गटात ट्रीटमेंटशिवाय आपोआप दिवस राहिलेल्या जास्त होत्या. आणि अमेरिकेत फक्त पीसीओएसवाल्यांवर झालेल्या एका ट्रायलमध्ये आधी चार महिने वजनावर काम केलेल्यांचं नंतरच्या गोळ्यांनी ओव्ह्युलेशन चांगलं झालं, नुसत्या गर्भनिरोधक गोळ्यांवर ठेवलेल्यांपेक्षा. दोन्ही बाजू आहेत.

माझं म्हणणं एवढंच की तू २६ ची असशील आणि डॉक्टर म्हणाले तीन-चार महिने वजनावर लक्ष देऊ, तर दे, काही बिघडत नाही. पण ३५-३६ ची असशील तर १५ किलोची वाट बघत दीड-दोन वर्षं घालवणं म्हणजे जी गोष्ट परत मिळत नाही तीच खर्च करणं, वजन एकवेळ नंतरही उतरेल. ट्रीटमेंट आणि वजन बरोबरीने चालू शकतं हे फॉरवर्डवाल्यांना कोणी सांगितलेलं दिसत नाही. पाळी रेग्युलर असेल तर पस्तिशीच्या आत वर्षभर प्रयत्न करा, पस्तिशीनंतर सहा महिने, मग डॉक्टर, असा साधा नियम आहे, आणि पाळीच दोन-दोन तीन-तीन महिन्यांनी येत असेल तर तेवढंही थांबायचं नाही.

आता गहू, दूध, भात. पीसीओएससाठी अमुकच डाएट भारी असं अजून सिद्ध झालेलं नाही, २०२३ ची जी इंटरनॅशनल गाइडलाइन आहे तिच्यातही हेच आहे की कुठलंही संतुलित खाणं जे तुम्हाला झेपेल आणि टिकेल ते घ्या. सीलिअॅक (गव्हातलं ग्लूटेन न चालणारा आजार) असेल त्यांनी गहू सोडावा, दूध पचत नसेल त्यांनी दूध, बाकीच्यांनी कशाला? मला गंमत याची वाटते की पोळी बंद करणाऱ्या बायका चतुर्थीला साबुदाण्याची खिचडी वाडगाभर खातात, वर बटाटा, आणि तो उपवास. पीठच पीठ आहे ते.

मी स्वतः काय करते तर ताटाचा क्रम बदललाय. आधी कोशिंबीर आणि मटकीची नाहीतर मुगाची उसळ निम्मी संपवायची, मग पोळी, आणि भात शेवटी एक मूद, वरण जास्त. रविवारी बांगडा असेल तर भात थोडा जास्त, कारण बांगड्याबरोबर पोळी खाणाऱ्यांचं मला काही कळत नाही. डब्यात दोन पोळ्या आहेतच पण भाजी डब्बल, आणि एक उकडलेलं अंडं. जेवण झालं की लगेच खुर्चीत बसायचं नाही, दहा-पंधरा मिनिटं चालायचं, जेवणानंतरची शुगर त्याने खाली राहते. आणि हो, २१ दिवसांत पाळी लाइनवर येणार हे कसं कळणार मला सांगा, मुळात ४० नाहीतर ६० दिवसांनी पाळी येणाऱ्या बाईला २१ दिवसांत काहीच कळत नाही! उलट नुसत्या ज्यूसवर राहून पटापट वजन पाडलं तर मेंदू ओव्ह्युलेशन बंदच करू शकतो, उपासमार चालू आहे असं समजून. सीड सायकलिंगचं (पाळीच्या दिवसांप्रमाणे ठरावीक बिया खायच्या, ते) विचाराल तर जवस-तीळ खा की, चटणी करून खा, पण त्याने पाळी बसेल याला काही पुरावा नाही.

कॅन्सरच्या गोळीवर जरा सविस्तर लिहिते कारण यात अर्धं खरं आहे आणि म्हणूनच लोक घाबरतात. गोळीचं नाव लेट्रोझोल. ती ब्रेस्ट कॅन्सरसाठीच आली होती, खरं आहे. २००५ ला मॉन्ट्रियलच्या एका कॉन्फरन्समध्ये असं मांडलं गेलं की या गोळीने राहिलेल्या बाळांमध्ये दोष जास्त दिसतात, त्यावरून जगभर गोंधळ उडाला. पुढच्याच वर्षी कॅनडातच ९११ बाळांचा अभ्यास आला, त्यात लेट्रोझोलवाल्या बाळांमध्ये दोष जास्त नव्हते. पण आपल्याकडे ऑक्टोबर २०११ मध्ये वंध्यत्वासाठी ती वापरायला सरकारने बंदी घातली, हेही खरं. जे फॉरवर्ड सांगत नाही ते असं की ती बंदी २०१७ ला उठली. मधल्या काळात २०१४ ला अमेरिकेतली ट्रायल आली, पीसीओएस असलेल्या ७५० बायका, ओव्ह्युलेशनसाठीच्या जुन्या गोळीने, क्लोमिफेनने, १९.१ टक्के जणींना बाळ झालं आणि लेट्रोझोलने २७.५ टक्के जणींना. आज पीसीओएसमध्ये ओव्ह्युलेशनसाठी पहिली पसंती हीच गोळी आहे. पाळीच्या सुरुवातीला पाच दिवस घ्यायची असते, बीज फुटून गर्भ रुजेपर्यंत ती शरीरातून बहुतेक निघून गेलेली असते. फक्त मेडिकलमधून आपल्या मनाने आणून घ्यायची नाही, दिवस राहिलेले नाहीत ना हे बघून आणि सोनोग्राफीवर लक्ष ठेवून देतात.

मेटफॉर्मिनने (डायबेटिसची गोळी, पीसीओएसमध्येही देतात) किडनी जात नाही. किडनी आधीच खराब असेल तर डोस कमी करतात किंवा देत नाहीत, लोकांनी ते उलटं ऐकलंय. पोट बिघडतं सुरुवातीला हे मात्र शंभर टक्के, ट्रान्स-हार्बर लोकलच्या गर्दीत घणसोलीला उतरायची वेळ आलेली बाई आहे मी, त्यामुळे कमी डोसने आणि जेवणानंतरच सुरू करायची. वर्षानुवर्षं घेत असाल तर बी-१२ तपासा. पण एकट्या मेटफॉर्मिनवर दिवस राहण्याची शक्यता लेट्रोझोलपेक्षा कमी.

गर्भाशय सरकतं म्हणे! काही सरकत नाही. स्नायू वाढले की इन्सुलिन नीट काम करतं, पीसीओएसमध्ये तर वेट ट्रेनिंग मुद्दाम सांगतात, आठवड्यातून दोनदा, एक दिवस सोडून. बाकी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं जोरात चालणं. सकाळी उपवनला नाहीतर पाम बीचला जा. तलावपाळीला संध्याकाळी वॉक होत नाही, खाण्याच्या गाड्यांची प्रदक्षिणा होते.

राहिलं वजनाचं इंजेक्शन. यात फॉरवर्ड नुसता चूक नाही, धोक्याचा आहे. मौंजारो मार्च २०२५ ला भारतात आलं, वेगोव्ही जूनला, आणि तेव्हापासून किटी पार्टीत भाव विचारले जातायत. वजन उतरतं, खोटं नाही. पण 'लगेच चान्स घ्या' अजिबात नाही. वेगोव्हीतलं सेमाग्लुटाइड चान्स घ्यायच्या किमान दोन महिने आधी बंद करायचं असतं, मौंजारोतलं टिर्झेपटाइड एक महिना आधी, कारण गर्भावर परिणाम काय होतो याची पुरेशी माहिती अजून नाही. आणि यात एक गोची आहे, वजन उतरायला लागलं की वर्षानुवर्षं न झालेलं ओव्ह्युलेशन अचानक सुरू होतं आणि 'मला कुठे राहतायत दिवस' म्हणणारीला इंजेक्शन चालू असतानाच राहतात. म्हणून ते चालू असेपर्यंत गर्भनिरोधक वापरायचं. मौंजारोने तोंडाने घ्यायच्या गर्भनिरोधक गोळ्यांचा असर कमी होऊ शकतो, तेव्हा काय वापरायचं हे डॉक्टरलाच विचारा.

याशिवाय दोन गोष्टी ज्या त्या लांबलचक मेसेजमध्ये कुठेच नाहीत. एक, फॉलिक अॅसिड. चान्स घ्यायच्या किमान महिनाभर आधी सुरू करायचं, रोज ४०० मायक्रोग्रॅम, वजन जास्त असेल तर डॉक्टर जास्त डोस देऊ शकतात. तीन-तीन महिने पाळीच नसेल तर तेही डॉक्टरला सांगायचं, आतलं अस्तर साठत जाणं चांगलं नाही, गोळ्या देऊन पाळी आणतात.

दुसरी, नवरा. सगळा मेसेज बाईच्या किलोंवर, त्याच्याबद्दल एक ओळ नाही. सीमेन टेस्ट साधी असते, दोन ते सात दिवस गॅप ठेवून सँपल द्यायचं, आणि ती बायकोच्या पहिल्या तपासण्यांसोबतच व्हायला हवी, सगळं करून दमल्यावर नाही. आमच्याकडे पुरुष लॅबच्या दारापर्यंत येतात आणि अचानक ऑफिसचा कॉल येतो, तो कॉल नंतर घेता येतो. रिपोर्ट कमी आला तर साधारण तीन महिन्यांनी परत करतात, कारण नवीन स्पर्म तयार व्हायला अडीच महिने तरी जातात, आणि त्या काळात सिगरेट-तंबाखू त्याने सोडायची असते.