डीव्होचं खरं यंत्र ड्रमच्या मागे बसलेलं होतं

ख्रिस स्मिथची डीव्हो या अमेरिकन बँडवरची डॉक्युमेंटरी नेटफ्लिक्सवर आली आणि पुन्हा तेच सुरू झालं. डोक्यावर लाल उलट्या कुंड्या घालून 'व्हिप इट' हे गाणं म्हणणारी विक्षिप्त मंडळी, गंमत म्हणून ठीक, पुढे काय? टोपीवरून बँड ओळखायचा म्हटलं की असंच होणार. माझं म्हणणं असं की डीव्हो आधी तालाचा बँड आहे, मग विचारांचा, आणि वेशभूषेचा सगळ्यात शेवटी. त्यांना उतरती कळा लागली तीही तालामुळेच.

सुरुवात ओहायोमधली. अ‍ॅक्रन म्हणजे टायरचं गाव. गुडइयर, फायरस्टोन सगळे तिथलेच. शेजारच्या केंट स्टेट विद्यापीठात ४ मे १९७० रोजी नॅशनल गार्डच्या जवानांनी युद्धविरोधी निदर्शनं करणाऱ्या विद्यार्थ्यांवर गोळ्या झाडल्या. १३ सेकंदांत ६७ फैरी, ४ ठार. पुढे डीव्हो काढणारा जेरी कसाली तिथे हजर होता आणि मेलेल्यांपैकी दोघांना ओळखत होता. माणूस पुढे जात नाही, मागे चाललाय, ही 'डी-इव्होल्यूशन'ची थट्टा त्याआधीही मित्रमंडळींत चालायची. त्या दिवसानंतर तिच्यातली थट्टा संपली. गायक मार्क मदर्सबॉ येऊन मिळाला, १९७३ मध्ये पहिला कार्यक्रम झाला. दोन्ही घरचे भाऊही आले आणि नावं सारखी असल्यामुळे ते बॉब १ (मदर्सबॉ) आणि बॉब २ (कसाली) झाले.

पण बँड उभा राहिला तो १९७६ मध्ये अ‍ॅलन मायर्स ड्रमवर आला तेव्हा. त्याला 'ह्यूमन मेट्रोनोम', म्हणजे ठेका मोजणारं माणसाच्या रूपातलं यंत्र, म्हणायचे. यांनी केलेलं 'सॅटिस्फॅक्शन' ऐका. रोलिंग स्टोन्सच्या मूळ गाण्यातला तो जगप्रसिद्ध गिटारचा तुकडा यांनी काढूनच टाकलाय. राहिलेल्या जागेत बास, ड्रम आणि गिटार अशी बसवलीत की एक थांबतो तिथे दुसरा वाजतो. गाण्याचे शब्द धरून मोजलं तर ड्रम उलटा वाटतो, ड्रम धरला तर गाणारा घसरल्यासारखा वाटतो. पहिल्यांदा ऐकताना फक्त बास धरा आणि पायाने ठेका द्या, दोन-तीन ओळींत सगळं जागेवर येतं. याच गाण्याचं कव्हर करणारे बहुतेक हौशी बँड इथेच फसतात. त्यांचा ड्रमर सवयीने चारपैकी दुसऱ्या आणि चौथ्या ठोक्यावर स्नेअर ड्रम मारतो आणि सगळी कोंडी सुटून जाते. मग उरतं एक साधं रॉक गाणं, तेही जरा वाईटच. प्रसिद्ध करण्याआधी हे गाणं मिक जॅगरला ऐकवलं तेव्हा तो उठून नाचला, असं कसाली सांगतो.

'जॉको होमो' या गाण्याचं तसंच. मुख्य भाग सात मात्रांचा आहे, पुढे तो सरळ चारात येतो. रूपक हातावर धरणाऱ्या आपल्याकडच्या श्रोत्याला सात मात्रांचं अप्रूप नाही; मजा आहे ती आवेशात. रूपक झुलतो. हे सात कारखान्यातल्या पट्ट्यावर एक खिळा कमी पडल्यासारखे पुढे ढकलले जातात.

पहिला अल्बम १९७८ चा. ब्रायन इनो निर्माता, पैसेही सुरुवातीला त्यानेच घातले. रेकॉर्डिंग जर्मनीत, कोलोनजवळ कॉनी प्लांकच्या स्टुडिओत. इनो सिंथेसायझरचे थर घालत होता आणि ही मंडळी ते खाली ओढत होती. आपल्या डेमोपासून हलायचंच नाही, हा हट्ट. इनोला वैताग आला, पण माझ्या मते हट्ट बरोबर होता. त्या थरांनी कोरडेपणा गेला असता आणि या बँडची सगळी भिस्त कोरडेपणावर. दुसरा अल्बम केन स्कॉटसोबत, १९७९. गाणी चांगली, ध्वनी मात्र दबलेला.

मग १९८० चा 'फ्रीडम ऑफ चॉइस'. सहनिर्माता रॉबर्ट मार्गोलेफ. सिंथ बास आणि मायर्सचे खरे ड्रम यांचा असा जोड त्यांना पुन्हा कधी जमला नाही. कंपनीने आधी 'गर्ल यू वाँट' पुढे केलं, ते पडलं. मग अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या रेडिओ स्टेशनांनी 'व्हिप इट' उचललं आणि ते बिलबोर्डवर १४ व्या क्रमांकापर्यंत गेलं. मार्कच्या निरनिराळ्या डेमो टेपमधले निरनिराळ्या लयीतले तुकडे जेरीने जोडून हे गाणं बनवलंय. चाबकाचा फटका इलेक्ट्रोकॉम्प ५०० या सिंथेसायझरमधून काढलेला. शब्द म्हणजे 'उठ, कामाला लाग, जमेल तुला' या छापाच्या अमेरिकन उपदेशाची टर. लोकांनी भलताच, लैंगिक अर्थ काढला, आणि बँडने व्हिडिओत खरोखरचा चाबूक दाखवून त्याला खतपाणी घातलं. ही चूक त्यांचीच.

टोपीचंही सांगून टाकू, कारण विचारणारे विचारतातच. ती 'एनर्जी डोम', साच्यावर ओढलेल्या प्लास्टिकची. ती थेट डोक्यावर ठेवायची वस्तूच नाही. आतलं भोक गोल, डोकं लांबट, त्यामुळे मान हलवली की टोपी फिरते नाहीतर घसरते. बांधकामावरच्या हेल्मेटच्या आतली पट्ट्यांची जाळी काढून ती आत डक्ट टेपने चिकटवायची. टोपी डोक्यापासून अर्धा ते एक इंच वर तरंगली पाहिजे. जाळी न लावता नाचायला जाणाऱ्याचा एक हात कायम टोपीवर.

घसरण १९८२ पासून. त्या दौऱ्यात मागच्या पडद्यावरच्या चित्रांशी गाणी जुळवायची होती. तसं करायचं तर ड्रमरने आधीच ठरलेल्या लयीला बांधून घ्यायचं, केसभरही इकडेतिकडे नाही. मग १९८४ चा 'शाऊट': फेअरलाइट सॅम्पलर, म्हणजे आवाज साठवून वाजवणारं यंत्र, सगळं चौकोनी. माणसं यंत्रासारखी वाजवतात यात ताण होता. आता चुकणार, आता कोलमडणार, असं वाटत राहायचं आणि मायर्स कधीच कोलमडायचा नाही. यंत्र यंत्रासारखं वाजलं तर त्यात कुणाला काय वाटणार? वॉर्नर या रेकॉर्ड कंपनीने करार संपवला. मायर्सला कामात समाधान उरलं नाही, तो बाहेर पडला. त्याच्या जागी स्पार्क्स या बँडचा डेव्हिड केंड्रिक आला. १९८८ आणि १९९० चे अल्बम पूर्णपणे गोळा करणाऱ्यांसाठी आहेत. बाकीच्यांनी सोडून दिले तरी चालतील. १९९१ ला बँड थांबला.

मार्कचं मात्र छान चाललं. 'रगरॅट्स' ही कार्टून मालिका, वेस अँडरसनचे सुरुवातीचे सिनेमे, 'थॉर: रॅग्नारॉक', सगळ्यांचं संगीत त्याचं. २०१० मध्ये पुन्हा अल्बम आला, तोही लोकांकडून कौल घेऊन, टोपीचा निळा रंगसुद्धा तसाच ठरला. बाजारपेठेची टिंगल करताना बाजारपेठेचीच पद्धत वापरायची ही कल्पना मस्त, गाणी मध्यम. मायर्स २०१३ मध्ये गेला, बॉब २ २०१४ मध्ये.

ऐकायला सुरुवात 'व्हिप इट'ने करू नका. आधी पहिला अल्बम सलग, मग 'फ्रीडम ऑफ चॉइस', मग 'डेव्ह-ओ लाइव्ह', म्हणजे १९८० मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या वॉरफिल्डमध्ये केलेलं रेकॉर्डिंग. छोट्या मोबाइल स्पीकरवर ऐकलात तर बास दिसेनासा होतो आणि ड्रम नुसता टकटक वाटतो, म्हणून हेडफोन लावा. एवढं आवडलं तरच 'हार्डकोर डीव्हो'चे दोन खंड, १९७४ ते ७७ मधली घरगुती रेकॉर्डिंग्ज. आवाज खरखरीत आहे आणि काही शब्द आज ऐकताना खटकतात, पण 'मेकॅनिकल मॅन' तिथेच आहे.