किटली सांडते ती हातामुळे नव्हे, तोटीच्या ओठामुळे

सध्या एक संदेश फिरतो आहे. आमच्या घरच्या ग्रुपवर तो दोनदा आला, सोसायटीच्या ग्रुपवर एकदा. त्यात पाच गोष्टी ठासून सांगितल्या आहेत. किटलीतून चहा सांडतो तो ओतणाऱ्याच्या घाईमुळे, हळू ओतलं की थेंब पडत नाही. चहा तोटीला चिकटतो तो निव्वळ पृष्ठताणामुळे, म्हणजे द्रवाचा पृष्ठभाग ताणलेल्या पडद्यासारखा वागतो त्यामुळे. झाकणाचं भोक वाफ जाण्यासाठी असतं. लांब, बारीक तोटीची किटली सांडत नाही. आणि एवढं करूनही सांडलीच, तर तोटीखाली लोण्याचं बोट फिरवा, ओघळ कायमचा थांबेल.

यातली पहिली गोष्ट मला झोंबली. आमच्याकडे पाहुणे आले की पांढरी चिनी मातीची किटली बाहेर निघायची. आई जपून, अगदी थांबत थांबत चहा ओतायची आणि नेमका प्रत्येक कपाच्या शेवटी ओघळ तोटीखालून किटलीच्या पोटावर यायचा, तिथून टेबलावरच्या कापडावर. मग आजी सगळ्यांदेखत म्हणायची, “अगं, जरा हळू. माहेरी ओतायला शिकवलं नाही का?” आई आणखी हळू ओतायची. ओघळ आणखी वाढायचा. हे मी कितीतरी वर्षं पाहिलं आहे.

ती किटली आता माझ्याकडे आहे. परवा ती मोरीत नेली, पाणी भरलं आणि तोटीचं टोक डोळ्यांसमोर धरून ओतून पाहिलं. भरपूर कलंडवली तेव्हा धार सरळ, काठापासून सुटून पडली. कलंडणं कमी करत गेलो तशी धार आत झुकायला लागली. तोटीच्या ओठाखाली एक थेंब लोंबत होता, तो फुगत गेला, आणि एका क्षणी सगळी धारच त्याच्यामागून वळून तोटीच्या खालच्या अंगाने वाहायला लागली. माझा हात तोच होता, किटलीही तीच. फरक पडला तो पाण्याच्या वेगाने.

म्हणजे “हळू ओता” हा सल्ला नुसता निरुपयोगी नाही, उलटा आहे. वेग असेल तर द्रव ओठावरून सरळ पुढे निघून जातो. वेग ठरावीक मर्यादेखाली आला की त्याला सुटता येत नाही, तो ओठाला वळसा घालतो. म्हणून चहा सांडतो तो बहुधा ओतायला सुरुवात करताना आणि थांबताना. उपाय असा, की किटली निश्चयाने कलंडवायची आणि कप भरला की चटकन सरळ करायची. काठोकाठ भरलेली असेल तर मात्र झाकणाखालून चहा येईल, तेव्हा ती जरा कमीच भरावी.

स्वयंपाकघरात हे सगळ्यांनी पाहिलेलं असतं. वाटीतून तेल हळू ओतलं की ते वाटीच्या बुडापर्यंत जातं. तांब्यातून बारीक धार सोडली की पाणी तांब्याच्या पोटावरून उतरतं. म्हणून तर पातेल्यातलं दूध गाळताना बायका काठाला पळी टेकवतात. दूध पळीला धरून खाली येतं, इकडे तिकडे जात नाही. शाळेच्या प्रयोगशाळेत चंचुपात्राला काचेची कांडी लावून ओतायला शिकवतात, तेही याचसाठी. द्रवाची ही खोड इतक्या जणी रोज कामाला लावतात आणि किटलीच्या वेळी मात्र दोष ओतणारीला, हे मला पटत नाही.

पृष्ठताणाचं विधान अर्धं खरं आहे, आणि इथे जरा थांबायला हवं, कारण यावर मोठमोठ्या लोकांनी डोकं चालवलं आहे. द्रवांच्या वाहण्याचा अभ्यास करणाऱ्या मार्कुस रायनर यांनी 1956 मध्ये हा प्रश्न शास्त्रज्ञांपुढे मांडला, ‘टीपॉट इफेक्ट’ या नावाने. पुढच्याच वर्षी जोसेफ केलर या गणितज्ञाने उत्तर दिलं, की हे चिकटण्याचं प्रकरणच नाही. ओठाला वळसा घालताना द्रवाचा वेग ओठाजवळ वाढतो, तिथला दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी होतो, आणि बाहेरची हवा धारेला तोटीवर दाबून धरते. केलर आणि ज्याँ-मार्क वांडेन-ब्रोक यांना न ठिबकणाऱ्या तोटीच्या गणितासाठी 1999 चं इग नोबेलही मिळालं. तो पुरस्कार आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाला देतात.

पण नुसता दाबही पुरत नाही. 2010 मध्ये सिरिल द्युएझ आणि त्यांच्या फ्रान्समधल्या सहकाऱ्यांनी दाखवलं, की पृष्ठभाग किती भिजतो यावर धार कधी सुटणार हे ठरतं. पाण्याला अजिबात थारा न देणारा लेप दिला की ओघळ जवळजवळ नाहीसा होतो. अळवावरचं पाणी जसं पानाला धरून राहत नाही, तसंच. आणि 2021 मध्ये व्हिएन्नाच्या तांत्रिक विद्यापीठातले बर्नहार्ड शाइखल आणि लंडनमधले त्यांचे सहकारी यांनी याचं सविस्तर गणित मांडलं. त्यांच्या मांडणीत मुख्य आहे तो ओठाखालचा थेंब. तो ओठाची खालची बाजू सतत ओली ठेवतो, वेग कमी होईल तसा मोठा होतो आणि शेवटी अख्खी धार वळवतो. जडत्व (धारेचा सरळ पुढे जात राहण्याचा कल), द्रवाचा दाटपणा आणि केशाकर्षण (पृष्ठताणामुळे ओल्या पृष्ठभागाकडे होणारी ओढ) अशी तिघांची ही ओढाताण आहे. गुरुत्वाकर्षणाचं काम त्यात धार कोणत्या दिशेला जाणार एवढं ठरवण्यापुरतं. मोरीत मी जो थेंब पाहिला, त्याचंच हे गणित. वाचताना अंगावर काटा आला.

झाकणाचं भोक. वाफ त्यातून जाते, पण त्याचं खरं काम हवा आत घेण्याचं आहे. चहा बाहेर पडला की आत तेवढी जागा रिकामी होते. तिथे हवा आली नाही तर धार अडखळते, गटगट करत येते. झाकण घट्ट बसणारं असेल तर ओतताना भोकावर बोट ठेवून पाहा, धार तुटते. झाकण सैल असेल तर हवा फटीतून जाते आणि बोट ठेवून काही होत नाही. याच तत्त्वावर मँचेस्टरच्या जॉन जेम्स रॉइल यांनी 1886 मध्ये एका किटलीचं पेटंट घेतलं होतं. झाकण वर उचलायचं, भोकावर बोट ठेवायचं आणि झाकण खाली दाबायचं. आत कोंडलेली हवा चहाला ढकलते आणि किटली न उचलता चहा तोटीतून कपात. भोक नुसतं वाफेसाठी असतं तर ही युक्ती कुणाला सुचलीच नसती.

तोटीची लांबी हा मुद्दाच नव्हे. लांब, अरुंद तोटीत घर्षणाने वेग घटतो, आणि वेग घटला की काय होतं ते वर सांगितलंच. तोटीच्या मुळाशी जाळी असते, तिथे चहापत्ती झारीतल्या शुक्राचार्यासारखी बसली की चांगली तोटीही ठिबकायला लागते. तोटी मुळाशी रुंद आणि टोकाकडे निमुळती असावी. टोक किटलीच्या काठाच्या पातळीखाली नसावं, नाहीतर किटली पूर्ण भरायच्या आधीच तोटीतून चहा वाहील. पण सगळ्यात महत्त्वाचा ओठ. तो पातळ हवा, त्याची कड धारदार हवी, आणि खालच्या बाजूला एकदम आत वळलेला हवा, म्हणजे थेंबाला पुढे सरकायला सोपी वाट मिळत नाही. आईच्या किटलीचा ओठ माझ्या करंगळीच्या नखाएवढा जाड आहे, गोल, वर काचेसारखी झिलई. असल्या ओठावरून कुणीही हळू ओतलं की ओघळ येणारच.

राहिलं लोणी. ही युक्ती खरी आहे. स्निग्ध ओठ पाण्याने भिजत नाही, धार लवकर सुटते. ‘कायमचं’ हे मात्र खोटं, कारण कढत चहाने लोणी वितळून दोन-चार कपांत वाहून जातं आणि त्याचा तवंग कपात येतो.

नवी किटली घ्यायला जाल तेव्हा दुकानात पाणी मागा आणि मुद्दाम हळू ओतून पाहा. पाणी घालू देत नसतील तर तोटीच्या ओठाखालून बोट फिरवा. बोटाला कड लागली तर घ्या. गुळगुळीत गोलाई लागली तर परत ठेवा.