कामून?

भुसावळ ते सातपुड्यातलं पाल, अंतर पन्नास किलोमीटरच्या आसपास. सायकलवर अडीच तास लागतील, असं भाच्याने सांगितलं होतं. भाचा पुण्यात असतो, वय 24. त्याला आमच्याकडचा रस्ता मोबाइलच्या नकाशात दिसतो. माणसं दिसत नाहीत.

सुरुवात डॉक्टरांपासून झाली. त्यांनी साखरेच्या आकड्याभोवती लाल पेनाने गोल काढला आणि दोन हुकूम सोडले. व्यायाम सुरू, केळी बंद. भुसावळात राहणाऱ्याला केळी बंद म्हणजे समुद्रकाठच्या माणसाला मीठ बंद. पण ऐकलं. व्यायामाचं कळताच भाच्याने स्वतःची जुनी रोड सायकल मला घरच्या भावात दिली. टायर 25 मिलिमीटरचं, म्हणजे माझ्या अंगठ्याएवढं. स्टँड नाही, कॅरिअर नाही, मडगार्ड नाही, घंटी नाही. कॉलनीतल्या आजोबांनी तिला सगळ्या बाजूंनी न्याहाळलं आणि विचारलं, "बाकीचं पार्सल मागून येणार आहे का?"

"मामा, रूट एकदम रोलिंग आहे," भाचा फोनवर म्हणाला. "शेवटी छोटासा घाट. मजा येईल तुम्हाला."

मे महिन्यात आमच्याकडे पारा 45 च्या पुढे जातो, तेव्हा सायकलवर फक्त रसवंतीपर्यंत जाता येतं. म्हणून जानेवारीतला रविवार धरला. सकाळी सहाला कानटोपीवर हेल्मेट चढवून निघालो.

रोलिंग म्हणजे काय, ते तापीनेच शिकवलं. भुसावळजवळ तापीच्या दोन्ही काठांची माती पावसाने कोरून दऱ्या-दऱ्या करून टाकली आहे. या पुलावरून मी बावीस वर्षं मोटारसायकलने जातोय, पण रस्ता नदीकडे उतरतो आणि पलीकडे तितकाच चढतो ही बातमी मला कधी पोचलीच नव्हती. ती त्या दिवशी मांड्यांनी दिली. पुढे सपाट लागेल म्हटलं, तर सपाट दिसणारा रस्ताही जडच. मग डोक्यात प्रकाश पडला. मोर, सुकी या सगळ्या नद्या सातपुड्यातून निघून तापीला मिळतात. पाणी जिकडून आपसूक वाहत येतं तिकडेच मी पायडल मारत निघालो होतो. शाळेत भूगोलाच्या बाईंनी तापीचं खोरं सपाट म्हणून शिकवलं. बाई बहुधा बसने येत असाव्यात.

पण चढाचं एक बरं असतं, तो काही विचारत नाही.

पहिला भेटला दुधाचे कॅन लावलेला मोटारसायकलवाला. त्याने शेजारी गाडी आणून वेग माझ्याइतका केला.

"भाऊ, काय झालं?"

"काही नाही."

"कुठी चालले?"

"पालला."

"सायकलवर?"

"हो."

"कामून?"

हे 'कामून' म्हणजे आपलं 'का'. पण 'का'ला थोडक्यात उत्तर चालतं. 'कामून'ला पार मुळापासून खुलासा द्यावा लागतो. मी म्हटलं, तब्येतीसाठी. त्याने माझी तब्येत वर-खाली पाहिली. "मंग आमच्या शेतात या ना निंदाले. पैसे बी भेटतीन." कॅन वाजवत तो गेला.

पुढच्याला मी पर्यावरण सांगितलं. तो म्हणाला, पेट्रोलले पैसे कमी असतीन तर मोकळं सांगा, लाजू नका. त्याच्या पुढच्याला सांगितलं, आवड आहे. तो एकदम गंभीर झाला आणि हळूच विचारलं, "घरी सगळं ठीक हाये ना?"

बामणोदला चहाला थांबलो. जळगावच्या भरिताच्या वांग्यांना 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, केळीलाही त्याच वर्षी मिळालं, आणि बामणोदच्या वांग्यांना हे आधीपासूनच माहीत होतं. टपरीसमोर एक काका तसलीच वांगी टेम्पोतून उतरवत होते. पांढरट हिरवी, तान्ह्या बाळाच्या डोक्याएवढी, ओझ्याने पोतं फाटत आलेलं.

"संध्याकाळी मळ्यात भरीत हाये," काका म्हणाले. ओळख ना पाळख. "येताना थांबजा. आमच्या भरिताले नाही म्हनायचं नसते."

त्या शब्दावर मी पुढचे कित्येक किलोमीटर काढले. पराट्यांच्या, म्हणजे कपाशीच्या वाळक्या काड्यांच्या जाळावर काळी होईस्तोवर भाजलेली वांगी, हिरवी मिरची, लसूण, कांद्याची पात, शेंगदाणे, वर सोडलेलं तेल, सोबत कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाची भाकरी. फैजपूर कधी आलं कळलं नाही. 1936 च्या डिसेंबरात काँग्रेसचं खेड्यात भरलेलं पहिलं अधिवेशन इथलंच. नेहरू अध्यक्ष होते, गांधीजी आले होते, चित्रकार नंदलाल बोसांनी बांबूच्या कामाने सगळं नगर सजवलं होतं. एवढी मोठमोठी माणसं मुंबई-कलकत्ता सोडून इथे कामून आली, असं तेव्हाही रस्त्यावरच्या कोणीतरी विचारलंच असणार. मला एकदम नेहरूंबद्दल आपुलकी वाटली.

सावदा सोडल्यावर दोन्ही बाजूंना केळीच केळी. डॉक्टरांच्या धाकाने मी मान सरळ ठेवून चाललो होतो, म्हणून खालचा बाभळीचा काटा दिसला नाही. फुस्स.

फाट्यावर पंक्चरचं दुकान होतं. दुकानदाराने घमेल्यात ट्यूब बुडवली, बुडबुडा पकडला, कानशीने घासून सुलेशन लावलं, पॅच ठोकला. सगळं पाच मिनिटांत. मग हवा भरायला कॉम्प्रेसरची नळी घेतली आणि त्याचा हात हवेतच थांबला. या सायकलला फ्रेंच व्हॉल्व्ह असतो. पेन्सिलीसारखा बारीक, टोकाला इवलासा नट. ट्रॅक्टरची नळी त्यावर अंगठी हत्तीच्या पायात बसावी तशी, फक्त उलटी. त्यासाठी पितळेचा एक अडॅप्टर लागतो. तो माझ्याकडे होता, घरी, फ्रीजवर.

"व्हॉल तर अर्धाच हाये याचा," दुकानदार म्हणाला. "अन् स्टँड? कॅरिअर? सगळंच कापून घेतलं का तुमचं?"

भाच्याला फोन लावला. तो म्हणाला, व्हॉल्व्हवरच्या प्लास्टिकच्या टोपीचं टोक ब्लेडने कापा, टोपी उलटी करून परत त्यावरच फिरवा आणि मग नळी लावा. दुकानदाराने दाढीचं ब्लेड काढलं, शेंगेचं टोक खुडावं तसं टोपीचं टोक उडवलं, व्हॉल्व्हचा नट सैल केला, टोपी उलटी फिरवली, नळी दाबून धरली. पाचसहा वेळा हवा बाहेर गेली, सातव्या वेळी आत गेली. टायर दगडासारखं झालं. त्याने माझ्याकडून दहा रुपये घेतले आणि टोपीचं उडवलेलं टोक उचलून कौतुकाने खिशात टाकलं. एवढ्या हजारांची सायकल दोन पैशांच्या टोपीवर चालते, हे आता त्या फाट्यावर वर्षभर पुरणार.

खिरोदा मागे पडलं आणि सातपुडा अंगावर आला. घाट छोटासा होता, ते खरंच. पण दाताचं इंजेक्शनही छोटंसंच असतं. मागचं सगळ्यात मोठं दातेरी चाक टाकलं, पुढचं लहान टाकलं, त्यानंतर टाकायला काही उरलं नाही. सागाची वाळकी पानं रस्त्यावरून माझ्यापेक्षा वेगाने वर चालली होती, वाऱ्याने का होईना.

आणि तेव्हाच मागून मोटारसायकल आली. पुढे पंचावन्नचे एक भाऊ, मागे कॉलेजातला मुलगा. मला वाटलं, विचारतील आणि जातील. ते गेलेच नाहीत.

"एकटा मानूस घाटात कसा सोडायचा?" भाऊ म्हणाले, आणि फर्स्ट गिअर टाकून शेजारून चालू लागले. माझ्या वेगाला त्यांची गाडी धापा टाकत होती. मी तर टाकतच होतो. मुलगा मागून व्हिडिओ काढत होता. भाऊ गप्पा मारत होते. गाव कोणतं, आडनाव काय, मामांचं गाव कोणतं, मुलं किती, मोठी काय करते, तिच्यासाठी स्थळं पाहता का. एका वळणाला एक शब्द, असा मी उत्तरं देत होतो. हे सगळं त्या एका प्रश्नाची पायवाट आहे हे मला दिसत होतं.

"अन् हे सायकलचं कामून?"

'तब्येतीसाठी' म्हणायला पाच अक्षरांचा श्वास लागतो, 'पर्यावरणासाठी'ला त्याहून जास्त. माझ्याकडे तीनच अक्षरांपुरता होता.

"नवस," मी म्हणालो.

काय सांगू, त्या शब्दाने घाट सपाट झाला. भाऊंनी गाडी बाजूला घेतली, चप्पल काढली, हात जोडले. "असं आधी सांगायचं ना!" मुलाने व्हिडिओ बंद केला. पुढचा सगळा घाट ते दोघं मुकाट, माझ्या मागे, दहा फुटांवरून आले, पालखीमागे यावं तसे. बाजूने जाणाऱ्या पिकअपवाल्याने विचारलं तर भाऊंनीच हात वर करून त्याला गप्प केलं. सकाळपासून जे सुचलं नाही ते सुचल्याच्या आनंदात मी पालला पोचलो. अडीच तासांचे साडेपाच झाले होते. पाल थंड हवेचं ठिकाण आहे, आजूबाजूला जंगल आहे, पाहण्यासारखं पुष्कळ आहे. मी टपरीचा बाक पाहिला, आडवा होऊन.

उतरताना पायांना काम नव्हतं, सगळं बोटांना. खिरोद्याला आलो तेव्हा ब्रेक सोडला तरी बोटं वाकलेलीच राहिली. पण मन हलकं होतं. वाटेत कोणी 'कामून' विचारलं नाही. उलट दोघा-तिघांनी लांबूनच नमस्कार केला. तेव्हाच शंका यायला हवी होती.

उन्हं उतरताना बामणोदच्या मळ्यात शिरलो. पराट्यांचा जाळ निवला होता, सोललेल्या वांग्यांचा ढीग लाकडी भांड्यात ठेचला जात होता, लसणाचा वास विहिरीपर्यंत आला होता. सकाळचे काका लगबगीने समोर आले. आणि त्यांच्या मागे, हसतमुख, घाटातले भाऊ. काकांचे सख्खे शालक.

"आमच्या पाव्हण्यांनी फोन केलता दुपारीच," काका दबल्या आवाजात म्हणाले. "आम्हाले काय माहीत, तुमचा नवस हाये. सकाळी उगाच भरिताचं बोलून बसलो."

"नाही नाही, तसं काही..." मी म्हणालो. "खायला माझी काहीच हरकत नाही."

"कांदा-लसूण हाये त्यात," काकांच्या आई खाटेवरून म्हणाल्या. "अन् वांगं. देवाच्या कामात कमी-जास्त करू नाही बाबा."

मला सतरंजीवर सगळ्यांपासून जरा अंतरावर, मानाच्या जागी बसवलं. पंगत बसली. भाकरीवर भरिताचे गोळे पडू लागले, तेलाची धार फिरली, कोणीतरी मिरची लागून सीऽ सीऽ केलं. शालकभाऊ समाधानाने बोटं चाटत होते. माझ्यासमोर हिरव्यागार पानावर अख्खी फणी आली. पिवळीधमक, वेलची केळ्यांएवढी नव्हेत, चांगली वीतभर लांब, बारा केळी.

"घ्या. नवसाले चालते," काका म्हणाले.

मी पहिलं केळं सोललं. आजींनी चष्मा सारखा केला.

"कितवी वारी ही? पाच करा लागतीन ना?"