सीपॅनेलचाच पासवर्ड टाका म्हणे!

‘वेबसाइटवाल्याला हजारो रुपये कशाला देता? पाच मिनिटांत डेटाबेस स्वतः बनवा!’ असा एक मेसेज व्हॉट्सॲपवर फिरतोय. सात मुद्दे आणि खाली ‘जास्तीत जास्त शेअर करा’. तीन वेळा मी तो न वाचताच पुसला. चौथ्यांदा मामांकडून आला, सोबत त्यांची ओळ: ‘यातलं सहापर्यंत करून झालं, आता फक्त सातवं राहिलंय.’

मामा निवृत्त शिक्षक. गावच्या वाचनालयाची वर्डप्रेस या साइट बनवण्याच्या सॉफ्टवेअरवरची साइट तेच सांभाळतात. साइटची माहिती जिथे साठते त्या डेटाबेसात पुस्तकांची यादी आहे, तसेच सभासदांचे फोन नंबर आणि पत्तेही आहेत. त्यामुळे मेसेज वाचावा लागला आणि आता हे लिहावं लागतंय.

मुद्दा १: ‘वेगळा डेटाबेस युजर बनवायची गरज नाही. सीपॅनेलचं युजरनेम आणि पासवर्डच कॉन्फिग फाइलमध्ये टाका, शंभर टक्के चालतं.’

चालतं, हीच तर पंचाईत आहे. सीपॅनेल म्हणजे साइटला जागा देणाऱ्या होस्टिंगचं खातं सांभाळायचं पॅनेल, आणि कॉन्फिग फाइल म्हणजे साइटने डेटाबेस कोणत्या नावाने नि पासवर्डने उघडायचा ते लिहिलेली फाइल. सीपॅनेल खात्याच्या मुख्य युजरला त्या खात्यातले सगळे डेटाबेस उघडता येतात. त्यामुळे साइट सुरू होते आणि सांगणाऱ्याला आपण मोठा शोध लावला असं वाटतं. पण त्याच पासवर्डने आणखी काय काय उघडतं? फाइल मॅनेजर, सगळे ईमेल, डोमेनच्या नोंदी, घेऊन ठेवलेले बॅकअप. डेटाबेसच्या युजरला यातलं काहीच दिसत नाही. त्याला पॅनेलमध्ये लॉगिनच करता येत नाही, नेमून दिलेल्या डेटाबेसपुरताच तो.

‘पण कॉन्फिग फाइल कोण बघणार?’ असं मामांनीही विचारलं. म्हणून त्यांच्याच फाइल मॅनेजरमध्ये शिरलो. तिथे वर्डप्रेसची कॉन्फिग फाइल, डब्ल्यूपी-कॉन्फिग डॉट पीएचपी, होती आणि तिच्या शेजारी डब्ल्यूपी-कॉन्फिग डॉट पीएचपी डॉट ओल्ड. फाइलला हात लावण्याआधी मामांनी शिस्तीत प्रत काढून ठेवलेली. फाइलच्या नावाचा शेवट पीएचपीने होत असेल तर सर्व्हर ती चालवतो आणि आतला मजकूर बाहेर दाखवत नाही. शेवटी ‘ओल्ड’ किंवा ‘बॅक’ लागलं की बहुतेक सर्व्हर तिला साधा मजकूर समजून मागेल त्याच्या हातात देतो. मी ब्राउझरमध्ये पत्ता टाकला. डेटाबेसचं नाव, युजर आणि एकेरी अवतरणचिन्हांत सीपॅनेलचा अख्खा पासवर्ड, सगळं पांढऱ्या पानावर काळ्या अक्षरांत.

‘अरे, पण बिघडलं तर असावी म्हणून मी जपून ठेवली होती ती!’ मामा म्हणाले. त्यांचं काय चुकलं? प्रत ठेवणं ही चांगलीच सवय. फक्त अशा नावांच्या फाइली शोधत फिरणारे बॉट, म्हणजे आपोआप चालणारे प्रोग्रॅम, दिवसरात्र हीच नावं आळीपाळीने मागत असतात. त्या फाइलीत नुसत्या डेटाबेस युजरचा पासवर्ड असता, तर बाहेरच्या माणसाला तो वापरायला सहजी जागा मिळाली नसती. सीपॅनेलचा पासवर्ड असला की त्याने सरळ पॅनेलच्या लॉगिनच्या पानावर जायचं. प्रत पुसली, पासवर्ड बदलला. बदलल्याबरोबर साइट बंद पडली, कारण कॉन्फिगमध्ये जुनाच होता. या ‘सोप्या’ उपायाचा हा आणखी एक गुण.

मेसेजवाल्याला ही युक्ती का सुचली असावी, याचा मला अंदाज आहे. सीपॅनेलमध्ये तीन कामं असतात: डेटाबेस बनवणं, युजर बनवणं, आणि त्या युजरला त्या डेटाबेसशी जोडणं. बरेच जण पहिली दोन करून थांबतात. दुसरी फसगत नावाची. खात्याचं नाव ‘वाचन’ असेल आणि डेटाबेसला ‘ग्रंथ’ असं नाव दिलंत, तर तयार होतो तो ‘वाचन_ग्रंथ’. युजरचंही सहसा तसंच. कॉन्फिगमध्ये नुसतं ‘ग्रंथ’ लिहिलं की पडद्यावर ‘एरर एस्टॅब्लिशिंग अ डेटाबेस कनेक्शन’, म्हणजे डेटाबेस जोडताच आला नाही. इथे माणूस वैतागतो आणि सीपॅनेलचंच लॉगिन ठोकून देतो. त्यापेक्षा सीपॅनेलमधला डेटाबेस विझार्ड उघडा. तो तिन्ही पायऱ्या ओळीने करून घेतो आणि पूर्ण नाव डोळ्यांसमोर दाखवतो, तेच उचलून चिकटवायचं. पाच मिनिटांचा दावा तेवढा खरा आहे.

मुद्दा २: ‘पासवर्ड लक्षात राहील असा ठेवा.’ कशासाठी? डेटाबेसचा पासवर्ड रोज टाइप करायचा नसतो. एकदा फाइलमध्ये चिकटवला की संपलं. पासवर्ड जनरेटरचं बटण शेजारीच असतं.

मुद्दा ३: ‘ऑल प्रिव्हिलेजेसवर टिक करा.’ म्हणजे युजरला डेटाबेसवरचे सगळे अधिकार द्या. इथे मला दोन पावलं मागे यावं लागतंय. वर्डप्रेसची सुरक्षेवरची अधिकृत मार्गदर्शिका सांगते की रोजच्या कामाला सिलेक्ट, इन्सर्ट, अपडेट आणि डिलीट (नोंदी वाचणं, घालणं, बदलणं आणि पुसणं) हे चारच अधिकार पुरतात, बाकीचे काढून घेता येतात. पण तीच मार्गदर्शिका पुढे बजावते की काही प्लगइन (वर्डप्रेसला जोडायचे जादा प्रोग्रॅम) आणि मोठे अपडेट टेबलांची, म्हणजे डेटाबेसमधल्या तक्त्यांची, रचना बदलतात, तेव्हा जास्तीचे अधिकार लागतात. मामांसारख्या एकट्या माणसाने दर अपडेटला टिका काढत-लावत बसावं असं मी म्हणणार नाही. शिवाय ही टिक त्या एका डेटाबेसपुरतीच असते. करा टिक. पण वेगळा युजर बनवून करा, म्हणजे पुन्हा मुद्दा १.

मुद्दा ४: ‘सगळ्या साइटना एकच डेटाबेस वापरा, फक्त टेबलांचा प्रीफिक्स बदला.’ प्रीफिक्स म्हणजे टेबलाच्या नावाआधी लागणारी खूण. नको. त्याच मार्गदर्शिकेत लिहिलंय की एका सर्व्हरवर अनेक ब्लॉग असतील तर डेटाबेस वेगळे आणि युजरही वेगळे ठेवणं शहाणपणाचं. एक साइट फुटली की तिच्या युजरला दुसरीची टेबलंही उघडी, मग प्रीफिक्स काहीही असो.

मुद्दा ५: ‘मराठीसाठी टेबल बनवताना यूटीएफ८ जनरल सीआय निवडा.’ हा अक्षरं साठवायच्या पद्धतीचा पर्याय. अर्धसत्य. मायएसक्यूएल या डेटाबेस सॉफ्टवेअरचं ‘यूटीएफ८’ हे नाव फसवं आहे, त्यात एका अक्षराला जास्तीत जास्त तीन बाइट (साठवणीची एककं) मिळतात. देवनागरीची अक्षरं तीन बाइटांत बसतात, म्हणून मराठी नीट दिसते. चार बाइटांची इमोजी बसत नाही. ‘वाचनालयाला इमोजी कशाला?’ असं म्हणाल, तर वाचनालयात मोडीतली कागदपत्रं आहेत. मोडी लिपी २०१४ साली युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकांच्या जागतिक अक्षरसूचीत, आली आणि तिचं प्रत्येक अक्षर चार बाइटांचं आहे. मामांनी हाताने बनवलेल्या टेबलात मोडीतलं शीर्षक टाकलं, की सर्व्हरच्या सेटिंगप्रमाणे एकतर एरर येणार, नाहीतर पहिल्या मोडी अक्षरापासून पुढचं सगळं गुपचूप कापलं जाणार. चार बाइट देणारं यूटीएफ८एमबी४ निवडा. सर्व्हरला जमत असेल तर वर्डप्रेसही २०१५ च्या ४.२ आवृत्तीपासून तेच वापरतं.

मुद्दा ६: ‘बॅकअपची चिंता नको, होस्टिंगवाले घेतात.’ घेत असतीलही. खातंच बंद पडलं तर तो मागायचा कुणाकडे? सीपॅनेलमधल्या पीएचपीमायॲडमिन या डेटाबेस हाताळायच्या साधनात एक्स्पोर्ट दाबा आणि फाइल घरच्या संगणकावर उतरवा.

मुद्दा ७, म्हणजे मामांचा राहिलेला: ‘कुठूनही काम करता यावं म्हणून रिमोट मायएसक्यूएलमध्ये % टाका.’

रिमोट मायएसक्यूएल म्हणजे बाहेरच्या कोणत्या संगणकांना डेटाबेसशी जोडू द्यायचं ते ठरवायचं सीपॅनेलचं पान. % म्हणजे जगातला कुठलाही संगणक. शेअर्ड होस्टिंगवर, म्हणजे अनेकांनी वाटून घेतलेल्या सर्व्हरवर, साइट आणि डेटाबेस बहुधा एकाच ठिकाणी असतात, ‘लोकलहोस्ट’ने (म्हणजे ‘याच संगणकावर’) काम भागतं, त्या पानावर जायचंच कारण नाही. शॅडोसर्व्हर या संस्थेने मे २०२२ मध्ये मोजले तेव्हा इंटरनेटवरून हाक मारली तर उत्तर देणारे ३६ लाखांहून अधिक मायएसक्यूएल सर्व्हर सापडले. अशांचं काय होतं ते फेब्रुवारी २०१७ मध्ये दिसलं होतं. हल्लेखोर पासवर्डचे अंदाज बांधत आत शिरले, डेटाबेस पुसले आणि ०.२ बिटकॉइनची मागणी करणारं टेबल मागे ठेवून गेले. गार्डिकोर या कंपनीला तपासात डेटाची प्रत काढल्याची खूणही सापडली नाही. म्हणजे पैसे भरूनही काय परत मिळणार होतं?

हे सगळं मी फोनवर तावातावाने सांगितलं. मामांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, ‘अरे, ते टक्क्याचं पान मला अजून सापडलेलंच नाही. तुला विचारायलाच मेसेज पाठवला होता.’